लग्नपत्रिकांवरचं इंग्रजी

माणूस घर सोडतो तेव्हा त्याचं एक वाक्य अर्धं राहतं, आणि ते पुरं करण्यात त्याचं उरलेलं आयुष्य जातं.

हे वाक्य मला दुसऱ्या कुणाच्या लेखात सापडलं असतं तर मी पान उलटलं असतं. पण माझ्या बाबतीत ते अगदी सरळ अर्थाने खरं आहे. वाक्य इंग्रजी होतं, माझ्या बाबांचं होतं, आणि ते अर्धं राहिलं कारण कुडाळ स्टेशनात त्या दिवशी गाडी वेळेवर आली.

त्याला नऊ वर्षं झाली. मी शिकायला इंग्लंडला निघाले होते. फलाटावर आई, बाबा, मी आणि दोन बॅगा. त्यांतली एक माझी आणि एक आईची म्हणायला हवी, कारण तिच्यात काय जायचं ते आईने ठरवलं होतं: कुळथाची पिठी, सोलं, मसाला आणि मालवणी खाजं. "थंय ह्यां काय गावाचा नाय," ती सारखी सांगत होती. तिथे काय मिळतं याची तिला कल्पना नव्हती, मलाही नव्हती. खात्री मात्र दोघींनाही होती.

बाबा जरा बाजूला उभे होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. गाडीची घोषणा झाली तसे ते माझ्यासमोर आले, उजवा हात खांद्याइतका वर केला, आणि अर्ध्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्हेन यू रीच द अदर साइड,"

आणि थांबले. हात वरच.

हा हात मला पाचवीपासून ओळखीचा होता. बाबा आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत, मलाही शिकवलं. वाक्याचा पहिला तुकडा ते म्हणत, हात वर करत, आणि दुसरा तुकडा समोरच्याने जोडायचा. तो जोडेपर्यंत हात खाली येत नसे. 'पलीकडे पोचलीस की' एवढं बाबांनी म्हटलं होतं; पुढचं मी म्हणायचं होतं. शेजारच्या बाकावरचा एक गृहस्थ वडापाव तोंडाशी नेता नेता थांबला आणि आमच्याकडे बघू लागला. मी म्हणाले, "पुरे ओ बाबा. लोक बघतत."

त्यांनी हात खाली घेतला. गाडी आली. आईने खाज्याची पुडी वरच्या कप्प्यात आहे असं खिडकीतून तीनदा सांगितलं.

बाबांना शाळेने घेतलं होतं इतिहास शिकवायला. पुढे इंग्रजीची जागा रिकामी झाली, ती भरायला कुणी येईना, आणि बाबांचा आवाज मोठा होता, एवढ्या भांडवलावर ते इंग्रजीचे सर झाले. इंग्रजी त्यांनी आमच्यापेक्षा एक धडा पुढे राहून शिकून घेतलं. व्याकरणाच्या नियमांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. वाक्य म्हणजे दोन तुकड्यांची सोयरीक, असं ते म्हणत: पहिला तुकडा बघायचा, त्याला शोभेल असा दुसरा शोधायचा, आणि दोघांना शेजारी उभं करायचं. हे ते नुसतं म्हणत नसत, करत. वर्गात निम्म्या मुलांच्या हातात पहिले तुकडे, निम्म्यांच्या हातात दुसरे. आपला जोडीदार शोधून शेजारी उभं राहायचं आणि वाक्य मोठ्याने वाचायचं.

तुकड्यांसाठी पुठ्ठा लागे, आणि शाळेकडे खडूलासुद्धा पैसे नसत. म्हणून बाबांनी गावातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. आमच्याकडे पत्रिका कुणी फेकत नाही आणि पुन्हा वाचतही नाही, त्यामुळे घराघरांत त्यांचे गठ्ठे पडलेले असत. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर बाबा निळ्या शाईत वाक्य लिहीत, मग ती मधोमध कापत. असे तुकडे बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेले असत.

आता एक जुनी गोष्ट सांगून टाकते. पाचवीत असतानाच माझ्या लक्षात आलं की तुकडा उलटा करून बघितला तर इंग्रजी यायची गरज उरत नाही. तुमच्या तुकड्यामागे 'चि.' असेल तर त्याच रंगाची 'चि. सौ. कां.' शोधायची. कुणाच्या मागे नुसतंच 'आमच्या काकाच्या लग्ना' असेल, तर 'ला यायचं हं' वर्गात कुठेतरी असतंच. मी सगळ्यांच्या आधी जोडीदार शोधत असे आणि वाक्य ठणठणीत आवाजात वाचत असे. हळूहळू अख्खा वर्ग हेच करू लागला. इंग्रजी कळायच्या आधी आम्हाला पंचक्रोशीतल्या सोयरिकी कळल्या. सरांच्या मुलीचं इंग्रजी चांगलं, असं गावात सगळे म्हणत. बाबाही म्हणत. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

पुढे इंग्रजी खरोखर येऊ लागलं, कसं ते मला नीट सांगता येणार नाही. त्याच्या जोरावर मी लीड्सला पोचले, शिकले, राहिले. लीड्सला समुद्र नाही. मी हीटिंगचं बिल भरते, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, आणि बांगडा मिळतो तो डब्यात, टोमॅटोच्या रसात. त्याबद्दल मी आईला अजून सांगितलेलं नाही. काही दुःखं आपल्यापाशीच ठेवावीत.

नोकरी मिळाली ती इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत. तिथे माझ्या पदाला मोठं भारदस्त नाव आहे. ते मी बाबांना फोनवर तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "मगे मास्तरीणच मां गो." तसंच म्हणायला हवं. पडद्यावर डावीकडे वाक्यांचे पहिले तुकडे येतात, उजवीकडे दुसरे. बोटाने ओढून जुळवायचे. जमलं तर हिरवं होतं, चुकलं तर फोन थरथरतो. म्हणजे बाबांचेच डबे; फक्त फोनला मागची बाजू नसते.

त्या अर्ध्या वाक्याची मला तिकडे सारखी आठवण यायची. जे राहिले त्यांना हे नाटकी वाटेल. जे गेले त्यांच्याकडेही असलं काहीतरी असेल, ते कबूल करणार नाहीत. 'पलीकडे पोचलीस की', याच्यापुढे बाबांना काय हवं असेल? फोन कर? परत ये? आम्हाला विसरू नकोस? दिवसाचे दहा तुकडे जुळवणं हे माझं काम, आणि हा एक जुळत नव्हता. विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं म्हणजे त्या दिवशी मी त्यांना गप्प केलं होतं हे काढावं लागलं असतं. शेवटी मी माझ्यापुरतं 'परत ये' धरून चालले. ते मला शोभत होतं.

मग गेल्या वर्षी कंपनीचं वार्षिक संमेलन झालं. तिथे दर वर्षी कुणीतरी उभं राहून आपला प्रवास सांगतं. प्रवास म्हणजे गरिबीत सुरू होऊन कंपनीत संपणारी गोष्ट. या वेळी माझी पाळी होती. मी लग्नपत्रिका सांगितल्या. लोक हसले. चि. आणि चि. सौ. कां. सांगितलं, आणखी हसले. लोक हसायला लागले की मला थांबता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. मी बाबांची नक्कल केली. त्यांचे उच्चार, तो फलाटाला पुरणारा आवाज, आणि वर केलेला हात. हात वर करून मी इतका वेळ थांबले की मागच्या रांगेतला माणूस डोळे पुसू लागला. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. आमच्या प्रमुख बाई, मनाने चांगल्या आहेत, मला म्हणाल्या की या माणसाला आपण भेटलंच पाहिजे.

तेव्हा मला नाही म्हणता आलं असतं. मी व्हिडिओ कॉलची तारीख ठरवली.

बाबांनी आठ दिवस तयारी केली. आईने मला हे नंतर सांगितलं. पडवीतली खुर्ची कुठे ठेवली की मागे माड दिसतील, हे त्यांनी दोन दुपार घालवून ठरवलं. शर्ट पांढरा, इस्त्रीचा. मांडीवर बिस्किटाचा डबा. इकडे कंपनीच्या मोठ्या खोलीत भिंतभर पडदा, समोर तीसेक माणसं, आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन मी. बाबांनी सगळ्यांना गुड आफ्टरनून केलं, घसा साफ केला, आणि उजवा हात वर करून म्हणाले, "ऑल्दो वी लिव्ह बाय द सी,"

आणि थांबले.

खोलीत हशा कोसळला. ती माणसं वाईट नव्हती. ओळखीचं काही दिसलं की माणूस हसतो तसंच ती हसली. आपण ज्याच्याबद्दल इतकं ऐकलं तो अगदी तसाच निघाला याचा त्यांना आनंद झाला होता. बाबा आधी त्यांच्याबरोबर हसले, काहीतरी बरं झालं असावं अशा समजुतीने. हात वरच होता. मग त्यांचं हसू थांबलं आणि इकडचं थांबलं नाही. त्यांनी हात डब्यावर ठेवला आणि दुसरा तुकडा आपणच म्हटला, "वी आर नॉट ऑल फिशरमेन." मग थँक यू म्हणाले.

हसणाऱ्यांत मीही होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्यांनी विचारलं, "गो बाय, मी हात वर करतलंय ता तेंका आधीच म्हायत होता काय?"

मी म्हणाले, "नाही हो बाबा. नेटवर्कमुळे आवाज उशिरा येत होता, म्हणून ते हसले."

आमच्याकडे माणूस कचेरीत गेला की प्रमाण मराठी बोलतो. मी बाबांशी जन्मात कधी तसं बोलले नव्हते. त्या एका वाक्यात 'नाही हो' आलं, 'येत होता' आलं, आणि दोघांनाही काय ते कळलं. "बरां," म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

निवृत्त झाल्यापासून बाबा घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे शेणाने सारवलेल्या अंगणात, संध्याकाळी पाच वाजता मोठ्या माणसांचा वर्ग घेत. मी गेले त्याच पावसाळ्यात तो सुरू झाला होता. पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे पर्यटकांना नेणारे बोटवाले रिकामे असत. पुढे घरात खोल्या भाड्याने देणाऱ्या बायकाही येऊ लागल्या. फी नव्हती. त्या फोननंतर दोनेक महिन्यांनी आई सहज बोलल्यासारखं बोलली, "वर्ग बंद केल्यानी तेनी."

मी कारण विचारलं नाही. रजा टाकली.

मे महिन्यात घरी पोचले तर बॅग उतरायच्या आधी शेजारची सुलूकाकी कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन उभी. तिच्या दोन खोल्या पर्यटकांनी भरलेल्या असतात. "बरा झाला इलंस," ती म्हणाली. "माझे पावणे कायतरी इचारतत, मी यस म्हणतंय. काल यस म्हटलंय तर तेनी कोंबडो सोडून दिल्यानी. सरांका सांग, वर्ग सुरू करा म्हणान."

"सर काय म्हणतत?"

"म्हणतत पत्रिका येनत नाय."

बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी मलाही तेच सांगितलं. "आता पत्रिका खंय येतत? सगळे फोनार धाडतत. फोन कापूचो काय मी?" ते हसले, मीही हसले, आणि माझ्या छातीवरचं एक वर्षाचं ओझं उतरलं. बाबांचं मन मी मोडलं नव्हतं. ते छापखाने बंद पडल्यामुळे मोडलं होतं. इतकं सोयीचं कारण मला स्वतःलाही सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आईने मला उन्हाळी पापडांचा डबा काढायला सांगितलं. तो कपाटात वर होता. त्याच्या मागे लग्नपत्रिका होत्या. या मोसमातल्या, जाड, गुलाबी, सोनेरी, रबर लावून नीट ठेवलेल्या, चांगला वीतभर गठ्ठा. एकही कापलेली नव्हती.

मी पापडांचा डबा आईला दिला, गठ्ठा घेऊन पडवीत आले आणि कात्री शोधली. काय करणार हे ठरवलं नव्हतं. कोऱ्या बाजूवर एक वाक्य लिहिलं, मधोमध कापलं. दुसरं लिहिलं, कापलं. माझा हा धंदा आहे. पंधराएक झाली असतील तेव्हा बाबा झोपून उठले आणि येऊन उभे राहिले. त्यांनी एक जोडी उचलली, उलटी करून बघितली.

"असो कापू नको गो," ते म्हणाले. "दोनय तुकडे एकाच लग्नाचे झाले मां. मागची बाजू बघून जुळयतत."

मी कात्री खाली ठेवली. "तुमका म्हायत होता?"

"तू पाचवीत असल्यापासून."

"मगे बोललात नाय कित्या?"

"कित्या बोलू? जुळवल्यार वाक्य मोठ्यान वाचूचा लागा होता. वाचलंस मां? वाचता वाचता इला." ते खुर्चीत बसले. "ह्येंका चालाचा नाय पण. ह्ये घोडे झाले. ह्येंका दोन येगळ्या पत्रिकांचे तुकडे व्हये."

मी थोडा वेळ तुकड्यांची सरमिसळ करत राहिले. मग म्हणाले, "बाबा, त्या दिवशी तेंका आधीच म्हायत होता. मी तुमची नक्कल करून दाखयलेली."

"म्हायत आसा."

"आणि मीय हासलंय."

"ता बघितलंय. माझ्या फोनार तूच मोठी दिसा होतंस. बाकीचे टिकलीएवढे." त्यांनी एक गुलाबी पत्रिका उचलून तिची कड नखाने सरळ केली. "नक्कल बरी करतंस?"

"बरी करतंय," मी म्हणाले. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता.

"करून दाखय."

मी नको म्हणाले. ते वाट बघत बसले. वाट बघण्यात बाबांशी कुणी बरोबरी करू शकत नाही. शेवटी मी उभी राहिले, हात वर केला आणि आवाज काढला, "ऑल्दो वी लिव्ह बाय द सी," आणि थांबले. तीस माणसांसमोर जे मजेत जमलं होतं, ते या एका माणसासमोर करताना हात कुठपर्यंत न्यायचा हेच आठवेना. आतून आई पापडाचा डबा हातात घेऊन दारात आली आणि तशीच परत गेली.

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वहीतला निबंध तपासावा तसे त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हात इतको वर नाय," ते म्हणाले. "इतको पोलीस करतत. खांद्यापर्यंत." मी हात खाली आणला. "हां. आणि मगे समोरच्याच्या तोंडाकडे बघूचा. पडद्याकडे नाय."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागायला लागले असते तर पुन्हा प्रमाण मराठीत गेले असते. पाचच्या सुमाराला सुलूकाकी गडग्यावरून डोकावली, आणि माझ्या पायाजवळचे तुकडे बघून तिथेच उभी राहिली. "सांग तिका," बाबा मला म्हणाले, "सोमवारी."

सोमवारी अकरा माणसं आली. त्यांतली दोघंतिघं चहाला आली असावीत, पण बसली शेवटपर्यंत. मी खळ्याच्या कडेला उभी राहणार होते, तर बाबांनी मलाही रांगेत उभं केलं आणि दोन्ही डबे उघडले, जुने तुकडे आणि नवे एकत्र. माझ्या हातात आला तो जुना होता, कडा मऊ पडलेला. निळ्या शाईत लिहिलं होतं, "व्हेन यू रीच द अदर साइड,"

नऊ वर्षं मी परदेशात घर म्हणून जे काही सांभाळलं, ते या तुकड्याच्या न ऐकलेल्या दुसऱ्या अर्ध्यात होतं. आई सांगते तो मसाला किंवा मागे दिसणारे माड म्हणजे घर, असं मला कधी वाटलं नाही. कुणीतरी हात वर करून आपण बोलायची वाट बघत थांबलेलं आहे, एवढंच घर, असं मला वाटत आलं. तुकडा उलटा करायचा मोह झाला. मी केला नाही. मोठ्याने वाचला, बाबांनी हात वर केला, आणि मी समोरच्यांच्या तोंडांकडे बघितलं.

रांगेच्या टोकाचा बाबल पुढे आला. त्याची बोट आहे; जेटीवरून तो पर्यटकांना पलीकडे किल्ल्यावर नेऊन सोडतो. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, तुकडा डोळ्यांपासून लांब धरला, आणि फलाटाला पुरेल अशा आवाजात वाचलं, "प्लीज रिटर्न द लाइफ जॅकेट."

बाबांनी हात खाली घेतला. "बरोबर," ते म्हणाले.

मी बाबलला विचारलं, हे वाक्य कधीपासून आहे? "पयल्या वर्षापासून, तू गेलंस तवापासून," तो म्हणाला. "सांगूक लागता गो. औंदाच्या मोसमात तिघे तशेच घालून गेले."